फळ्याची डावी बाजू

जून लागला की बोरिवलीच्या आमच्या मासळी बाजारातले अर्धे ओटे रिकामे पडतात. उरलेल्या ओट्यांवर कुठून कुठून आलेली बर्फातली मासळी मांडलेली असते आणि ती विकणाऱ्या बायाच तिच्याकडे सावत्र नजरेनं बघत असतात. "बंदी लागली, बाई. आता नारळी पुनवेपर्यंत हेच," असं माझी मासळीवाली दरवर्षी सांगते आणि मीही दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "हो का?" म्हणते. मग पावशेर सुकट घेऊन घरी येते, खिडक्या लावून घेते आणि तव्यावर टाकते. खिडक्या लावते कारण वरच्या मजल्यावर हा वास चालत नाही. मला चालतो. माझ्या नोकरीचे पहिले अडीच महिने या वासात गेलेत.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी बावीस वर्षांची, नुकतीच डी.एड. झालेली. महापालिकेच्या मराठी शाळेत नेमणूक झाली आणि शाळा कुठं, तर वर्सोव्याची खाडी ओलांडून, मढच्या अंगाच्या एका कोळीवाड्यात. अंधेरीहून बस, मग खाडी ओलांडणारी होडी, जिला तर म्हणतात, मग चिखलातून पंधरा मिनिटं चाल. खाडीला उधाण असलं की ही तर बंद. मग मालाडहून वळसा घालून यायचं आणि हेडमास्तरांचा चेहरा बघायचा. अंधेरीच्या चाळीत आमची आई, संपानंतर मिल बंद पडून घरी बसलेले बाबा आणि दोन भाऊ. आम्ही मूळचे मालवणकडचे. घरात मालवणी बोलायचं आणि दाराबाहेर पाऊल पडलं की मराठी. दिवसातून दहादा मी ही अदलाबदल करत होते आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

शाळा जूनमध्ये उघडते आणि होड्या जूनमध्ये वर येतात, हे एकाच महिन्यात घडतं याचा अर्थ मला त्या वर्षी कळला. किनाऱ्यावर होड्या ओळीनं ओढून ठेवलेल्या, वरून झावळ्यांनी शाकारलेल्या. ओसरीओसरीवर जाळी पसरून पुरुष ती शिवत बसलेले. डांबराचा वास, ओल्या सुताचा वास आणि घराघरातून सुकटीचा. वर्षाचे नऊ-दहा महिने जे बाप पोरं उठायच्या आत निघून जातात ते सगळे एकदम घरी. जाळी शिवून झाली की पत्ते, पत्ते झाले की गप्पा, आणि गप्पा संपल्या की पोराचं दप्तर. रिकाम्या बापाइतकं मास्तरणीला धोकादायक दुसरं काही नसतं. मी फळ्यावर काय लिहिलं ते दुपारच्या जेवणाआधी सगळ्या ओसऱ्यांवर पोचलेलं असायचं.

माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. पहिल्याच आठवड्यात मी पाटीवर लिहायला सांगितलं, "बाळ फळ खातो." पंचेचाळीस पाट्या वर आल्या आणि जवळजवळ सगळ्यांवर "बाल फल खातो." मी चिडले. मला वाटलं, पोरं लक्ष देत नाहीत. पुन्हा सावकाश सांगितलं, जिभेला पीळ देऊन सांगितलं. पोरांनी तितक्याच मन लावून पुन्हा "बाल फल" लिहिलं. त्यांच्या कानाला मी वेगळं काही बोललेच नव्हते. त्यांच्या घरात तो उच्चारच नव्हता. शाळेला ती शाला म्हणत, होडीला होरी आणि पाण्याला पानी. मी लाल खडूनं फुल्या मारत सुटले. पंधरा दिवसांत लाल खडू संपला म्हणून हेडमास्तरांकडे मागायला गेले तर ते म्हणाले, "बाई, जरा बेतानं. मागच्या बाईंना वर्षभर पुरला होता."

वर्गात हेमा नावाची एक मुलगी होती. आठ वर्षांची, पहिलीत तिसऱ्यांदा बसलेली. बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, म्हणून सगळ्यात मागे. तोंडातून शब्द काढायची नाही. तिची आई चांगुणा अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. पावसाळ्यात ताजी मासळी नाही, म्हणून सुकट आणि बोंबील घेऊन माझ्याच तरीतून उलट्या दिशेनं जायची. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत. धक्क्यावर भेटली की डोक्यावरची पाटी खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहायची.

"बाई, पोरीचं काय ते सांगा. पुनवेपर्यंत बगते मी. वाचाया लागली तर शाला. नाय तर होऱ्या पान्यान गेल्या की माझ्यासंगती. कोलंबी सोलाया हात पायजेत मना."

"अहो, आठ वर्षांची आहे ती."

"मी सहाची व्हती," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन तरीत चढली. तिच्या बोलण्यात धमकी नव्हती. एखादी गाडी किती वाजता सुटते ते सांगावं तसं तिनं सांगितलं होतं. मी मात्र धसका घेतला. हेडमास्तरांना गाठून मी एक सवलत पदरात पाडून घेतली. नारळीपौर्णिमेच्या आधी चाचणी होती, तिला तपासनीस येणार होते. त्यांच्यासमोर हेमानं धडा वाचला तर वर्ष फुकट न घालवता तिला सरळ दुसरीत बसवायचं. वाचला नाही तर मग तिची आई सांगेल ते.

तपासनीस चाचणीच्या आधीही एकदा येऊन गेले, अचानक, जुलैच्या सुरुवातीला. पुण्याकडचे सज्जन गृहस्थ, चिखलानं भरलेल्या विजारीचं दुःख लपवत वर्गात आले. त्यांनी चित्रांचे तक्ते काढायला लावले. उंच म्हणून नेमकी हेमा त्यांच्या नजरेत भरली. तिला पुढं बोलावून त्यांनी माशाच्या चित्रावर छडी ठेवली. गोल पोट, अंगभर खवले, वर वळलेली शेपटी.

"हे काय आहे, बाळ?"

हेमानं चित्राकडे नीट पाहिलं. एकदा मान वाकडी करून पाहिलं. मग हळूच विचारलं, "कंचा?"

"कुठला नाही, काय आहे? पक्षी आहे का? फूल आहे का?"

हेमा पुन्हा बघायला लागली. मागून एक पोरगा पुटपुटला, "ताम हाय वाटतं." दुसरा म्हणाला, "शेपटी कं तामची हाय?" तिसऱ्यानं घोळ माशाचं नाव घेतलं आणि त्यावर वर्गात चांगलीच चर्चा पेटली. हेमानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि अखेर तपासनिसांना प्रामाणिकपणे सांगितलं, "असा नसतंय."

त्यांनी शेरेबुकात लिहिलं की मुलांना परिसरातील परिचित प्राण्यांची चित्रेदेखील ओळखता येत नाहीत. कोळीवाड्यातल्या पोरांना मासा ओळखता येत नाही, असं लेखी, सहीशिक्क्यासकट. हेडमास्तर ते वाचून खो खो हसले. मला हसू येईना. आमच्या घरात कुणी नुसतं "झाड" म्हणून दाखवलं असतं तर माझ्या आज्यानंसुद्धा "खयचा?" असंच विचारलं असतं. त्या मुलीला माहीत नव्हतं असं नाही, तिला विचारणाऱ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि शेरा मिळाला तो तिला.

दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. म्हटलं, डाव्या बाजूचे शब्द तुम्ही मला सांगायचे, उजव्या बाजूचे मी तुम्हाला सांगते. पहिला शब्द म्हावरा आला, समोर मी मासा लिहिलं. होरी आली, पुढं होडी. लाल फुली कशालाच नाही. पोरांना आधी हे खरं वाटेना. मग डावी बाजू अशी भरभर भरायला लागली की उजवीकडे लिहायला मला शब्द सापडेनात. भरतीच्या, ओहोटीच्या, वाऱ्याच्या एकेका तऱ्हेला त्यांच्याकडे नाव होतं आणि माझ्याकडे नुसता "वारा". मी उजवीकडे वारा, वारा, वारा असं तीनदा लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. वळून पाहिलं तर हेमा. तिचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला.

मीही त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न करत होते. फजिती होत होती. "बाई, तुमी आमचं बोलता तवा मालवनी वाटतंय," असं पोरं तोंडावर सांगायची आणि मला सुधारायची. आठवड्याभरात हेमा डाव्या बाजूचे शब्द वाचायला लागली. अक्षरं तीच होती, दोन वर्षं तिनं बघितलेली, पण आता ती जोडल्यावर ओळखीचं काहीतरी तयार होत होतं. मी हवेत होते. रात्री आईला सगळं सांगितलं तर ती भात वाढता वाढता म्हणाली, "बरा केलंस गे. पण त्येंच्या आवशी-बापाशींका इचारलंस?"

विचारलं नव्हतं. आणि ओसऱ्यांवर बातमी पोचलेली होती. नव्या बाई पोरांना आपलंच बोलणं शिकवतात. निम्म्या गावाला मौज वाटली, निम्म्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हेमाच्या आज्याला, म्हणजे चांगुणाच्या सासऱ्याला, फार आनंद झाला. पोर शाळेतून येऊन बडबडते म्हणून तो जाळं सोडून मला शाळेपर्यंत नमस्कार करायला आला. उलट जनार्दन नाखवा, जे मॅट्रिक होते आणि मच्छीमार सोसायटीचं कामकाज बघायचे, त्यांनी रस्त्यात तोंड फिरवलं. जुलैच्या शेवटी एका रविवारी देवळात बैठक बोलावली गेली. हेडमास्तर म्हणाले, "मला ताप आहे." त्यांना ताप नव्हता. मी एकटी गेले.

जनार्दन नाखवा शुद्ध मराठीत उभे राहिले. "बाई, तुमचा हेतू चांगला असेल. पण वर्सोव्याची पोरं इंग्रजी शाळेत चालली. आमच्या पोरांना निदान धड मराठी तरी मिळावं. उद्या बँकेत अर्ज करायला गेला आमचा मुलगा तर तो म्हावरा लिहिणार का अर्जात? मी तलाठ्याच्या कचेरीत पानी म्हटलं होतं एकदा, लहान असताना. सगळी कचेरी हसली होती. ते हसू तुम्ही आमच्या पोरांसाठी पुन्हा शाळेतच आणून ठेवताय."

हेमाचा आजा बसल्या जागेवरून म्हणाला, "दोन वरसं पोर मुकी व्हती, जनार्दन. आता बोलते. तुझ्या कचेरीपायी तिना परत मुकी करू काय?"

मग एकच गलका झाला. आपलं बोलणं म्हणजे नेमकं कुठलं, यावरही भांडण झालं. वर्सोव्याहून लग्न होऊन आलेल्या एका म्हातारीनं फळ्यावरचे दोन शब्द साफ चूक ठरवले. त्यावर इथल्या बायांनी ती चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन बाहेरून आलेली आहे, हे तिला ऐकवलं. मी सांगत होते की ही फक्त पायरी आहे, यावरून वर चढायचं आहे, पण माझं डी.एड.चं भाषण त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

माझी सगळी आशा चांगुणावर होती. तिच्या पोरीचा फायदा तिनं डोळ्यांनी पाहिला होता. ती उठली, तसे लोक गप्प झाले.

"बाई, तुमी घरान तुमच्या आयेसंगती काय बोलता?"

"मालवणी."

"आनि हितं?"

"मराठी."

"म्हंजे तुमच्याकडं दोन हायत." तिनं दोन बोटं वर केली. "माझ्याकडं एकच. ती मी पोरीला फुकट दिली, दुधासंगती. ती शिकवाया तुमची गरज नाय. जी माझ्याकडं नाय ती शिकवा. तेवढ्यासाठी धाडते शालंन."

मला राग आला, आणि राग आला कारण ती बरोबर होती. पण मीही चूक नव्हते, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. ती मुलगी डाव्या बाजूमुळेच वाचायला लागली होती. फक्त ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं आणि चांगुणाकडे दोन बोटं होती.

नाखव्यांनी निकाल दिला. फळ्यावर पुस्तकातलंच. उठता उठता चांगुणा माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "शिकवा पुस्तकाचं. पोर रडली तर मातर आमचं बोला." शिक्षणशास्त्रावरची बरीच पुस्तकं मी पुढच्या तीस वर्षांत वाचली. बढतीसाठी वाचावीच लागतात. यापेक्षा सोपा नियम एकाही पुस्तकात मिळाला नाही.

आता माझ्या सोसायटीत याचीच दुसरी आवृत्ती चालू असते. खालच्या मजल्यावरचा मुलगा आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलतो आणि त्याची आई कोपऱ्यात बसून ते समजल्यासारखं हसते. मराठी वाचवायला हवी अशी सभा आमच्याच हॉलमध्ये होते. तिथं मला बोलायला बोलावतात. मी जाते, बोलते, टाळ्या घेते. मनात मात्र दर वेळी येतं, की सभेत बसलेल्या या सगळ्यांकडे दोन-दोन, तीन-तीन भाषा आहेत. ज्यांच्याकडे एकच आहे ते सभेला येत नाहीत, त्यांना कामं असतात.

तर मी रेघ पुसली. दुपारच्या सुट्टीत हेमाला घेऊन बसायला लागले. अडलं की कानात घरचा शब्द सांगायचा, मग मोठ्यानं पुस्तकातला. सगळ्यात छळलं ते ळ या अक्षरानं. जीभ उलटी कर, टाळूला लाव, आता सोड. तिच्या जिभेला कळेचना. आठ दिवस नुसता ल, कधी ड, कधी थुंकी. मग एका दुपारी तो सुटला आणि ती इतकी खूश झाली की पटांगणभर ळळळ करत धावली. बाकीची पोरंही मागे लागली. त्या दिवशी सगळी शाळा गुळण्या करत असल्यासारखी वाटत होती. त्यानंतर हेमानं ते अक्षर सोडलंच नाही. दिसेल तिथं, जरा जास्तच जोर देऊन म्हणायची. मला कोण अभिमान वाटायचा.

चाचणीच्या दिवशी तपासनीस आले. हेमानं धडा काढला, बोट ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. दोनदा अडखळली, पण एकही उच्चार चुकला नाही. तपासनिसांनी "छान" म्हटलं आणि दुसरीच्या हजेरीत तिचं नाव घालायला सांगितलं. खिडकीबाहेर चांगुणा उभी होती, त्या दिवशी बाजाराला न जाता. संध्याकाळी तिनं माझ्या हातात सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, पुडी कोंबली, घरातल्या सगळ्यांना दोनदा पुरतील एवढे.

नारळीपौर्णिमेला तिनं मला मुद्दाम बोलावलं. होड्यांवरच्या झावळ्या उतरल्या होत्या, रंग दिलेला, पताका लावलेल्या. बाया ठेवणीतली लुगडी नेसून, केसात अबोलीचे गजरे माळून किनाऱ्यावर आलेल्या. बँड वाजत होता. चांगुणा त्या दिवशी फार देखणी दिसत होती आणि ते तिला माहीत होतं. तिच्या हाताला धरून नव्या फ्रॉकमधली हेमा. कुठल्यातरी वर्तमानपत्राचा एक तरुण वही-पेन आणि कॅमेरा घेऊन फिरत होता. तो चांगुणासमोर थांबला.

"ताई, एक फोटो घेऊ? तुम्ही इथल्याच का?"

"तर काय! हितल्याच," चांगुणा खणखणीत आवाजात म्हणाली. "आमी कोली."

हेमानं तिचा हात ओढला. "आये, कोली नाय," ती म्हणाली, जीभ नीट उलटी करून. "कोळी."

मी शिकवलेलं अक्षर. इतकं स्वच्छ मी स्वतःही म्हणत नसेन. तो तरुण कौतुकानं हसला आणि वहीत काहीतरी लिहू लागला. चांगुणानं पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अभिमान होता, नक्की होता, आणि त्याच्याबरोबर आणखी काहीतरी होतं, जे पाहून मला मान खाली घालावीशी वाटली. देवळात सगळ्या गावासमोर उभी राहून बोललेली बाई होती ती.

तरुणानं विचारलं, "मग आज काय काय करता तुम्ही? जरा सांगा ना."

चांगुणानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग हेमाच्या पाठीवर हात ठेवून तिनं तिला हळूच पुढं केलं.

"तू सांग गो," ती म्हणाली. "तुना नीट बोलता येतंय."